वाण्याचे दुकान : उदय आणि ओहोटी

महाराष्ट्रात किराणा मालाचे दुकान म्हणजे वाण्याचे दुकान. धान्य, कडधान्ये, गूळ, साखर, तेल, मीठ, मिरची, चहा, साबण, उदबत्ती, कापूर असे घराला लागणारे सगळे वाणसामान तिथे मिळे. मात्र विक्री हा या दुकानाच्या कामाचा केवळ एक भाग होता. घाऊक बाजारातून माल पारखून आणणे, तो निवडून साफ करणे, तोलून-मापून देणे, भाव ठरवणे, पुडी बांधणे, उधारीवर देणे आणि गरज पडल्यास घरपोच पाठवणे ही सारी कामे एकाच गादीवरून होत. गेल्या दीडशे वर्षांत यांतले एकेक काम दुकानाच्या हातून सुटत गेले. काही कायद्याने काढून घेतले, काही कारखान्यांनी, काही सहकारी संस्थांनी आणि काही खुद्द ग्राहकांनी. मॉल आणि मोबाइलवरचे अ‍ॅप आले, तोवर बऱ्याच दुकानांकडे फळीवर मांडलेला तयार माल आणि ओळखीची गिऱ्हाइके एवढेच भांडवल शिल्लक होते. दुकानाच्या ओहोटीला सुरुवात त्याआधीच झाली होती.

गावगाड्यात वाणी हा बारा बलुतेदारांपैकी नव्हता. सुतार, लोहार, कुंभार यांना कामाच्या मोबदल्यात सुगीला धान्याचा वाटा मिळे. वाण्याचा व्यवहार मात्र प्रत्येक देवघेवीपुरता आणि हिशेबाचा होता. लिंगायत वाणी, लाड वाणी, कोकणातले वैश्य वाणी, गुजर आणि पुढे मारवाडी अशा निरनिराळ्या समाजांतले लोक या धंद्यात होते. नाणे गावात क्वचितच फिरे. ज्वारी-बाजरी पदरात घालून मीठ, मिरची, तेल आणायचे ही सर्वसाधारण रीत होती. पीक हाती येईपर्यंत माल उधारीवर मिळे आणि उधारी साचली की तिचे कर्ज होई. त्यामुळे वाणी आणि सावकार या दोन भूमिका अनेकदा एकाच माणसाकडे असत. सरकारी सारा रोखीने भरायचा असल्याने इंग्रजी अमदानीत शेतकऱ्याला या माणसावाचून चालेना.

या संबंधातला ताण १८७५ साली उफाळून आला. पुणे जिल्ह्यातल्या सुपे या गावी १२ मे रोजी, बाजाराच्या दिवशी, शेतकऱ्यांनी गुजर आणि मारवाडी सावकारांच्या घरा-दुकानांवर हल्ला केला. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या इतर गावांत पसरले. इतिहासात ‘दख्खनचे दंगे’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या उठावात जमावाचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर आणि हिशेबाच्या कागदांवर होता. ते ताब्यात घेऊन जाळणे हा जवळपास सगळीकडचा क्रम होता. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा कायदा केला. पुढे १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याने व्याजी धंद्यासाठी परवाना आणि ठरावीक पद्धतीने हिशेब ठेवणे सक्तीचे झाले. दुकानाचा सावकारीशी असलेला उघड संबंध अशा रीतीने तुटत गेला. वाणसामानाची बिनव्याजी उधारी मात्र टिकली आणि पुढे अनेक वर्षे तिनेच दुकान जगवले.

मुंबईत या उधारीला वेगळे रूप आले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कापडगिरण्या वाढल्या आणि रत्नागिरी, सातारा, पुणे या जिल्ह्यांतून माणसे कामाला आली. परळ, लालबाग, नायगाव, डिलाइल रोड इथल्या चाळींच्या तळमजल्यावर किराणा दुकाने उभी राहिली. त्यांतली बरीच कच्छी आणि गुजराती व्यापाऱ्यांची होती. माल दाणा बंदर आणि मशीद बंदर इथल्या घाऊक पेढ्यांतून येई. तिथून दुकानदाराला मुदतीवर माल मिळे आणि तीच मुदत तो पुढे कामगाराला देई. प्रत्येक घराची एक छोटी वही असे. माल नेताना तीत नोंद व्हायची, तीच रक्कम दुकानदाराच्या खातेवहीत चढायची आणि पगाराच्या दिवशी खाते चुकते व्हायचे. सगळे चुकते होत नसेल, तर बाकी पुढच्या पानावर जाई. उधारीचीही किंमत होती. खात्यावर घेणाऱ्याला भावात घासाघीस करता येत नसे, दुकान बदलता येत नसे आणि वजनात दांडी मारली तरी फार बोलता येत नसे.

दुकानाची मांडणी गावात आणि शहरात साधारण सारखीच होती. पुढे उघड्या गोण्यांची रांग, गोणीची कड बाहेर दुमडलेली, प्रत्येकीत मापटे किंवा पत्र्याचा डबा. मागे लाकडी फळ्यांवर डबे आणि बरण्या. मधे उंचावर टांगलेली तागडी, तिच्यामागे गादी, गादीला लागून गल्ला. खातेवह्या लाल कापडाच्या बांधणीच्या; दिवाळीत लक्ष्मीपूजनाला त्यांची पूजा होई. पोटमाळ्यावर जादा माल असे आणि रात्री नोकर पोरे तिथेच झोपत. हाताचे कसब दिसे ते पुडी बांधताना. रद्दीच्या कागदाचा चौकोन घेऊन एका कोपऱ्यापासून तो शंकूसारखा गुंडाळायचा, टोकाला पीळ द्यायचा, तोललेली डाळ आत ओतायची, वरच्या कडा आत खोचायच्या. मग छताला टांगलेल्या रिळातला दोरा ओढून पुडीला उभे-आडवे वेढे द्यायचे आणि बोटाला एक आढी देऊन तो झटक्यात तोडायचा. सराईत माणसाला या कामाला काही क्षण पुरत. अशा वीस-पंचवीस पुड्या बांधताना दुकानदार तोंडाने बेरीज करत असे आणि समोरच्या बाईशी तिच्या सासूच्या दुखण्याबद्दल बोलतही असे.

दुकानदाराच्या हातून गेलेली एक मोठी गोष्ट म्हणजे मापांवरची सत्ता. धान्य निळवे, कोळवे, चिपटे, मापटे, शेर आणि पायली या मापांनी मोजले जाई. चार शेरांची पायली हे कोष्टक सर्वपरिचित असले, तरी शेर किती मोठा आणि मण किती पायल्यांचा हे प्रांताप्रांतात बदले. घाऊक बाजारातला मण आणि किरकोळ दुकानातला मण यांतही फरक पडू शके आणि ही तफावत कळणे हाच धंद्यातला निम्मा अभ्यास होता. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली. १९५६ च्या वजनमापे कायद्यानुसार १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम आणि लिटर लागू झाले. वजनांवर सरकारी शिक्का सक्तीचा झाला आणि निरीक्षक दुकानात येऊन काटा तपासू लागले. पायली-शेराचा हिशेब जुन्या माणसांच्या तोंडी आणि खेड्यांत बराच काळ राहिला, तरी कायदेशीर व्यवहारातून तो बाद झाला. आता एका दुकानातला किलो दुसऱ्या दुकानातल्या किलोएवढाच होता, त्यामुळे ग्राहकाला भावांची तुलना करणे सोपे झाले.

भावावरची सत्ता त्याआधीच, दुसऱ्या महायुद्धात, सैल झाली होती. धान्याची टंचाई वाढली आणि १९४३ मध्ये मुंबईत शिधावाटप सुरू झाले. कार्डावर ठरलेला शिधा, ठरलेला भाव आणि ठरलेले दुकान अशी ही व्यवस्था होती. अनेक वाण्यांनी शिधावाटपाचे परवाने घेतले आणि सरकारच्या वतीने धान्य विकू लागले. नियंत्रणे स्वातंत्र्यानंतर काही काळ उठली, पुन्हा आली. १९५५ च्या अत्यावश्यक वस्तू कायद्याने साठ्यावर आणि भावावर मर्यादा घालण्याचा अधिकार सरकारकडे कायमचा आला. टंचाईच्या वर्षांत काळाबाजार आणि साठेबाजी हे शब्द व्यापाऱ्याला चिकटले. १९७२ च्या दुष्काळात महागाई असह्य झाली, तेव्हा मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेल्या महागाईविरोधी आंदोलनात मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. मोर्चे सरकारवर होते, पण धान्य, तेल, साखर गायब करणारा व्यापारीही त्यांचे लक्ष्य होता. ओळखीचा वाणी आणि नफेखोर व्यापारी यांतली सीमारेषा ग्राहकाच्या मनात पुसट झाली.

याच काळात वाण्याला वगळून माल मिळवण्याचे प्रयोग मूळ धरत होते. १९४८ मध्ये नायगावच्या कामगार वस्तीत एका ग्राहक सहकारी संस्थेने काम सुरू केले. तीच पुढे ‘अपना बाजार’ म्हणून मुंबईभर नावाजली. १९६८ मध्ये ‘सहकारी भांडार’ निघाले. वारणानगरला तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने वाढलेल्या सहकारी कुटुंबातून ‘वारणा बाजार’ उभा राहिला. मांडणीवरचा माल स्वतः हाताने उचलून टोपलीत टाकण्याची सवय मराठी मध्यमवर्गाला प्रथम अशा सहकारी दुकानांनी लावली. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली आणि पुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. तिची पद्धत दुकानालाच फाटा देणारी होती. शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याची यादी एकत्र द्यायची, पंचायतीने घाऊक खरेदी करायची आणि ठरल्या दिवशी आलेला माल सभासदांनीच वाटून घ्यायचा. गल्ला नाही, गादी नाही, उधारीही नाही. महिनाभराचे सामान एकदम आणि रोखीने घेऊ शकणारा पगारदार वर्ग वाण्याकडून निघू शकतो, हे या चळवळीने मॉल येण्याआधी पंचवीस वर्षे दाखवून दिले.

दुकानाच्या आतला खरा बदल मात्र कारखान्यांनी घडवला. तयार पाकिटातला माल जुनाच होता: पार्ल्याची बिस्किटे आणि डालडाचे डबे स्वातंत्र्यापूर्वीच दुकानात पोचले होते. पण चहा, मसाले, मीठ, साबणचुरा, पीठ, तेल अशा एकेका वस्तूची गोणी किंवा पिंप जाऊन तिच्या जागी पाकीट येण्याची गती १९७० नंतर वाढली. १९७७ च्या नियमांनी पाकिटावर वजन, किंमत आणि उत्पादकाचे नाव छापणे बंधनकारक झाले आणि १९९० मध्ये सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापण्याची पद्धत आली. भाव आता मुंबई-दिल्लीच्या कंपन्यांच्या कचेऱ्यांत ठरू लागला. १९८३ मध्ये तमिळनाडूत सुरू झालेल्या चिक शाम्पूच्या छोट्या पुडीचे अनुकरण देशभर झाले आणि दुकानांच्या दारांवर पुड्यांच्या माळा लोंबू लागल्या. १९९८ मध्ये दिल्लीत भेसळीच्या मोहरी तेलाने माणसे दगावल्यानंतर केंद्र सरकारने खाद्यतेल बंद पाकिटातच विकण्याचा आदेश काढला आणि तेलाचे पिंपही कडेला गेले.

पाकिटांनी दुकानदाराचे कष्ट वाचवले. निवडणे, पाखडणे, तोलणे, बांधणे कमी झाले. कंपनीचा विक्रेता दारात येऊन माल देऊ लागला. दूरदर्शनवरच्या जाहिराती पाहून गिऱ्हाईक नाव घेऊन वस्तू मागू लागले. १९८० आणि १९९० ची दशके अनेक दुकानांच्या भरभराटीची होती. पण कोणती तूरडाळ लवकर शिजते, कोणता तांदूळ जुना आहे, कोणता गूळ चिकीला चालतो हे सांगणारा जाणकार म्हणून वाण्याला असलेला मान या सोयीबरोबर ओसरला. एकाच नावाचे, एकाच किमतीचे पाकीट कुठूनही घेतले तरी सारखेच. मग ते कुठून घ्यायचे हे ठरणार होते सवलतीवर आणि सोयीवर, आणि या दोन्ही बाबतींत मोठे भांडवल वरचढ ठरणार होते.

गिरणगावातल्या दुकानांना आणखी एक तडाखा बसला. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. सुरुवातीला वाण्यांनी खाती चालू ठेवली. संप लांबला तशी थकबाकी वाढली, कामगार गावी परतले आणि पगाराच्या दिवसावर उभी असलेली उधारीची साखळी तुटली. गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्यांच्या जमिनींवर पुढे मनोरे आणि मॉल आले.

जागेचा प्रश्नही इथेच निर्णायक ठरला. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या इमारतींतली भाडी १९४० च्या पातळीवर गोठली होती. पागडीने घेतलेल्या गाळ्याला नाममात्र भाडे असल्याने थोड्या नफ्यावरही धंदा परवडे. जुन्या चाळींचा पुनर्विकास सुरू झाला, तेव्हा दुकानदाराला नव्या इमारतीत मालकीचा गाळा मिळू लागला. त्या गाळ्याचे बाजारभावाने येणारे भाडे अनेकदा किराणा विकून होणाऱ्या कमाईपेक्षा जास्त असे. मुलगा शिकून नोकरीला लागलेला, पहाटेपासून रात्रीपर्यंत गादीवर बसायला तो तयार नाही. अशा घरांत दुकान बंद करून जागा बँकेला, औषधांच्या किंवा मोबाइलच्या दुकानाला भाड्याने देणे हा सरळ हिशेब होता. या रीतीने मिटलेली दुकाने दिवाळखोरीत निघाली असे म्हणता येत नाही. त्यांच्या मालकांनी फायद्याचा दुसरा मार्ग धरला.

१९९९ मध्ये हाजी अलीजवळ ‘क्रॉसरोड्स’ हा मुंबईतला पहिला आधुनिक मॉल उघडला. गर्दी आवरण्यासाठी सुरुवातीला तिथे मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवणाऱ्यालाच मोफत प्रवेश होता. इतरांना तिकीट होते. वाण्याच्या गिऱ्हाइकाला त्याचे काही देणेघेणे नव्हते. ते वळवले पुढच्या दोन साखळ्यांनी. किशोर बियाणी यांचा ‘बिग बाजार’ २००१ मध्ये सुरू झाला. त्याचे मुंबईतले दुकान लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात होते. राधाकिशन दमाणी यांनी २००२ मध्ये पवईला ‘डी मार्ट’चे पहिले दुकान काढले. डी मार्टचे गणित साधे होते: जागा शक्यतो मालकीची, मांडणीवर खर्च कमी, पुरवठादाराला पैसे लवकर, त्याबदल्यात मिळणारी सूट ग्राहकाला आणि सर्व वस्तू छापील किमतीपेक्षा कमी दरात. कमाल किरकोळ किंमत ही वाण्याकडे प्रत्यक्ष विक्रीची किंमत होती. इथे ती सवलत किती मिळाली हे मोजण्याची पट्टी झाली. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात डोंबिवली, कल्याण, पुणे, नाशिक इथली पगारदार कुटुंबे मोठ्या पिशव्या घेऊन तिथे जाऊ लागली. मार्च २०२५ अखेर डी मार्टची देशात ४१५ दुकाने होती.

मोठी साखळी म्हणजे हमखास यश, असेही झाले नाही. चेन्नईहून निघून देशभर सुमारे १,६०० दुकाने उघडणारी ‘सुभिक्षा’ २००९ मध्ये पैशांअभावी बंद पडली. बिग बाजारची बरीच दुकाने २०२२ मध्ये भाडी थकल्यामुळे रिलायन्सकडे गेली. व्यापाऱ्यांच्या संघटनांनी सर्वाधिक विरोध केला तो परकीय भांडवलाला. केंद्राने सप्टेंबर २०१२ मध्ये बहुब्रँड किरकोळ विक्रीत ५१ टक्के परकीय गुंतवणुकीला परवानगी दिली, त्याविरुद्ध २० सप्टेंबरला भारत बंद झाला. प्रत्यक्षात या वाटेने परदेशी कंपन्या जवळपास आल्याच नाहीत. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रातले व्यापारी स्थानिक संस्था कराविरुद्ध दुकाने बंद ठेवून बसले. तो कर २०१५ मध्ये बहुतेकांपुरता रद्द झाला. आंदोलने जिंकली गेली तरी गिऱ्हाईक निघून जाणे थांबले नाही, कारण ते देशी साखळ्यांकडे जात होते.

८ नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी आणि १ जुलै २०१७ पासूनचा वस्तू व सेवा कर यांनी रोखीवर आणि तोंडी हिशेबावर चालणाऱ्या धंद्याला शिस्तीत यायला भाग पाडले. वहीऐवजी संगणकावरचे बिल, गल्ल्याऐवजी काउंटरवरचा क्यूआर कोड आला. बऱ्याच दुकानांनी हे जमवले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा मॉल बंद होते, ऑनलाइन कंपन्यांची वितरणव्यवस्था विस्कळित होती आणि शहरे जगवली ती कोपऱ्यावरच्या वाण्याने. फोनवर यादी घेऊन इमारतीच्या फाटकापर्यंत पिशव्या पोचवण्याचे काम त्याच्या पोरांनी केले.

घरपोच माल हे वाण्याकडे उरलेले शेवटचे मोठे काम होते आणि त्याच सुमारास त्यातही स्पर्धक आले. रिलायन्सने ‘जिओमार्ट’चा प्रयोग नवी मुंबई, ठाणे आणि कल्याण इथून सुरू केला. मुंबईत आदित पालिचा आणि कैवल्य व्होरा या दोन तरुणांनी ‘किराणाकार्ट’ काढले. त्यात माल शेजारच्या किराणा दुकानांतूनच पोचवला जाई. दुकानातल्या साठ्यावर आणि वेगावर आपले नियंत्रण राहत नाही हे पाहून त्यांनी ती पद्धत सोडली, वस्तीवस्तीत स्वतःची छोटी गोदामे उभारली आणि २०२१ मध्ये ‘झेप्टो’ सुरू केले. ब्लिंकिट आणि इन्स्टामार्ट या इतर अ‍ॅपची रीतही हीच आहे. पाच-दहा मिनिटांत आणून देणारा शेजारी हे वाण्याचे स्थान या गोदामांनी घेतले. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या वितरकांच्या अखिल भारतीय महासंघाने २०२४ मध्ये असा दावा केला, की वर्षभरात देशातली सुमारे दोन लाख किराणा दुकाने बंद पडली. हा आकडा याच धंद्यातल्या संघटनेचा आहे हे लक्षात घेऊन तो वाचायला हवा. मोठ्या शहरांतल्या घसरणीची दिशा मात्र वादातीत आहे.

तरीही देशातल्या किराणा खरेदीचा फार मोठा भाग आजही छोट्या दुकानांतूनच होतो. ती दुकाने टिकून आहेत ती खेड्यांत, कामगार वस्त्यांत, झोपडपट्ट्यांत आणि बांधकामांच्या आसपास. तिथे पावशेर तेल, दहा रुपयांची साखर, दोन अंडी मागणारे गिऱ्हाईक येते. अ‍ॅपच्या पोचवणी शुल्कात ही खरेदी बसत नाही आणि डी मार्टपर्यंत जाण्याचा रिक्षाखर्चही तिला परवडत नाही. काम नसलेल्या आठवड्यात या गिऱ्हाइकाला चेहऱ्यावर माल देणारा दुसरा कोणी नाही. ज्याचा पगार महिन्याला बँकेत जमा होतो त्याच्यापुरते वाण्याचे दुकान संपत आले आहे. ज्याची मजुरी रोज संध्याकाळी हातावर पडते त्याच्यासाठी ते अजून गरजेचे आहे, आणि असे लोक या राज्यात आजही फार मोठ्या संख्येने आहेत.